फुकटचं सॉफ्टवेअर चांगलंच असतं, पण तुम्ही घेताय कुठनं?

"ताई, पीडीएफ जोडायला काहीतरी फुकटचं सांगा." "ताई, ऑफिस फुकट कुठं मिळतंय?" "ताई, व्हीएलसी टाकल्यापासनं क्रोम उघडलं की भलतंच पान येतंय." महिनाभर कमेंटमध्ये हेच चाललंय, आणि ही तिसरी कमेंट वाचली की माझ्या पोटात गोळा येतो, कारण व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरनं असं होत नाही, व्हीएलसीच्या नावाखाली दुसरं काहीतरी आत घेतलं की असं होतं.

तर नमस्कार मंडळी. आज सांगलीत सकाळपासनं पाऊस आहे, मागनं पत्र्याचा आवाज येत असेल तर तेवढं सांभाळून घ्या.

नावं पटापट सांगते, निम्मी तुम्हाला माहीतच असतील. व्हिडिओ आणि गाण्यांना व्हीएलसी. वर्ड-एक्सेलच्या जागी लिब्रेऑफिस. झिप, रार फाइल उघडायला सेव्हन-झिप. फोटोवर मोठं काम करायचं असेल तर जिंप, नुसते बघायचे, लहान-मोठे करायचे असतील तर इरफानव्ह्यू, पण ते घरच्या वापरापुरतंच फुकट आहे, दुकानात वापरणार असाल तर त्याचे पैसे भरायचे. आवाज कापायला-जोडायला ऑडॅसिटी. बॅनर, लोगो काढायला इंकस्केप. घरच्या कंप्युटरला एवढं झालं की बक्कळ झालं. पीडीएफचं म्हणाल तर लिब्रेऑफिसमधनं कुठलीही फाइल थेट पीडीएफ करता येते, जोडायचं वेगळं आहे, ते पुढच्या वेळी दाखवते.

आता प्रत्येक वेळी कुणीतरी विचारतंच, की एवढं फुकट देतात म्हणजे काहीतरी गडबड असणार. असं नाही हो. व्हीएलसी कुठनं आलं बघा, पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात १९९६ साली पोरांनी कॉलेजच्या नेटवर्कवर व्हिडिओ बघता यावा म्हणून काम सुरू केलं, २००१ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं केलं, आणि आज त्याच्यामागं व्हिडिओलॅन नावाची ना-नफा संस्था आहे. सेव्हन-झिप इगोर पाव्हलोव्ह या एका माणसानं १९९९ पासनं जपलंय. लिब्रेऑफिस म्हणजे २०१० मध्ये ओपनऑफिस नावाच्या तसल्याच फुकटच्या सॉफ्टवेअरमधली बरीच मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी डॉक्युमेंट फाउंडेशन काढलं, त्यांचं काम. देणगीवर चालतं, हौसेनं चालतं, काही कंपन्याही त्याला हातभार लावतात. या लोकांबद्दल मला मनापासनं आदर आहे. म्हणून तर त्यांच्या नावावर दुसऱ्यानं घाण विकली की माझा संताप होतो.

माझ्या मामांचं सांगते. मिरजेला असतात, मास्तर होते, आता रिटायर झालेत. २०२२ सालची गोष्ट. मामींच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग कुणीतरी पेनड्राइव्हवर दिलेलं, ते काही केल्या चालेना. शेजारच्या पोरानं सांगितलं, व्हीएलसी टाका. आता त्या वर्षी काय झालेलं, आठवत असेल तर, व्हीएलसीची स्वतःची साइट भारतात ब्लॉक झाली होती, फेब्रुवारीपासनं बऱ्याच जणांकडं उघडतच नव्हती आणि नोव्हेंबरमध्ये परत सुरू झाली. मग मामांनी काय केलं, खाली जी दुसरी साइट आली ती उघडली, डाउनलोडचं हिरवं बटण दाबलं, नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश.

आठ दिवसांनी मला फोन. "अगं, कोपऱ्यात सारखं लाल येतंय, व्हायरस आहे म्हणतंय, आणि खाली एक नंबर दिलाय, लावू का?" मी म्हटलं, मामा, कशालाही हात लावू नका, मी येते. गेले. त्यांच्या डेस्कटॉपवर व्हीएलसीचा तो नारिंगी कोन व्यवस्थित होता, डबल क्लिक केलं, भजनही लागलं. म्हणून तर माणसाला संशय येत नाही, मागितलेली वस्तू मिळालेली असते! पण तिच्याबरोबर आणखी चार जण आत आलेले. कसे सापडले, तर सेटिंग्जमध्ये जायचं, अ‍ॅप्स, तिथं यादी तारखेप्रमाणे लावायची. व्हीएलसीच्याच तारखेला बसलेली चार नावं खालोखाल. एक पीसी फास्ट करणारा, एक ड्रायव्हर अपडेट करणारा, एक ब्राउझर जो मामांनी कधी मागितलाच नव्हता, आणि एक हवामान दाखवणारं. चारही काढले, क्रोमला चिकटलेली जास्तीची जोडणी, एक्स्टेन्शन म्हणतात ती, काढली, आणि ते कोपऱ्यातलं लाल, तो व्हायरस नव्हताच, कुठल्यातरी साइटला नोटिफिकेशनची परवानगी दिली गेली होती, ती बंद केली तेव्हा ते थांबलं. तुमच्याकडंही असंच होत असेल तर आधी एवढं करून बघा, लगेच फॉरमॅट मारायला नेऊ नका.

आता मुद्द्याचं, आणि हे मी परत परत सांगणार आहे, कंटाळलात तरी सांगणार. पत्ता वाचा. सॉफ्टवेअर कुठलं ते नंतर, आधी पत्ता.

(इथं स्क्रीन दाखवते.) हे बघा, सर्चमध्ये नाव टाकलं की सगळ्यात वर कधी कधी जाहिरात असते, बारीक अक्षरात तसं लिहिलेलं असतं. ती सोडायची आणि खाली यायचं. कुणी म्हणेल, ताई, जाहिरातीत पत्ता बरोबर दिसत होता की. हो ना, दिसतो! २०२२ च्याच ऑक्टोबरमध्ये जिंपचं असं झालेलं, जाहिरातीखाली पत्ता जिंप डॉट ओआरजी असा अगदी बरोबर दिसायचा आणि क्लिक केल्यावर उघडायचं जिलिंप डॉट ओआरजी. इंग्रजीत दोन अक्षरं मध्ये जास्त. पान हुबेहूब तसंच. आणि तिथनं जे उतरायचं ते ब्राउझरमधले पासवर्ड चोरणारं होतं. म्हणून पत्ता वाचायचा तो पान उघडल्यावर, वरच्या पट्टीत, एकेक अक्षर बोट ठेवून.

दुसरी एक गफलत. व्हीएलसीच्या पत्त्यात व्हीएलसी हे नावच नाही. खरा पत्ता व्हिडिओलॅन डॉट ओआरजी. त्यामुळं लोक काय करतात, ज्या पत्त्यात व्हीएलसी आणि फ्री आणि डाउनलोड असं सगळं लिहिलंय तोच खरा समजतात. सेव्हन-झिपचा पत्ता सात, मग मधली आडवी रेघ, मग झिप, डॉट ओआरजी. रेघ विसरलात आणि मागं कॉम लावलंत तर ती त्यांची साइट नव्हे. ऑडॅसिटीचा ऑडॅसिटीटीम डॉट ओआरजी. लिब्रेऑफिस, जिंप, इंकस्केप यांची नावं आहेत तशीच, पुढं डॉट ओआरजी. आणि एखाद्याचा पत्ता माहीत नसेल तर विकिपीडियावर त्याचं इंग्रजी पान उघडा, उजवीकडं चौकट असते, त्यात वेबसाइट लिहिलेली असते. मी स्वतः असंच करते.

आपल्या सांगलीकरांना हे खरं तर सांगायला नको. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय मिळालं, म्हणजे माल इथलाच असा सरकारी शिक्का, पण म्हणून ज्या पुडीवर सांगली हळद छापलंय ती सगळी आपल्या मार्केट यार्डातनं गेलेली असते का? पुडीवर काय, कुणीही छापतंय. आपण काय बघतो, दुकान कुणाचं, माल कुठनं आणलाय. बाहेरगावचे पाहुणेसुद्धा आपल्याला विचारून घेतात, कुठल्या दुकानातनं घेऊ म्हणून. मग कंप्युटरवर तेवढं विचारायला काय होतं.

बरं, साइट बरोबर आहे की नाही कळेना, तर बटणं मोजा. खऱ्या साइटवर डाउनलोडचं ठळक बटण बहुतेक वेळा एकच असतं. ज्या पानावर तीन-चार हिरवी बटणं आहेत, एक वर, एक मध्ये, एक बाजूला हलतंय, तिथली बहुतेक बटणं म्हणजे जाहिराती. खुद्द जिंपवाल्यांनीसुद्धा २०१३ मध्ये, त्यांचा विंडोजचा इन्स्टॉलर ज्या मोठ्या साइटवर ठेवत होते ती याच कारणानं सोडली, तिथं फसवी बटणं दिसायला लागली म्हणून. बनवणाऱ्यालाच नको झालेलं, तिथं आपण कशाला जायचं?

आणि फाइल उतरली की लगेच डबल क्लिक करू नका, आकार बघा. सेव्हन-झिप दीड एमबीच्या आसपास असतं, व्हीएलसी चाळीस-पंचेचाळीस, लिब्रेऑफिस तीनशेच्या वर. लिब्रेऑफिस म्हणून दोन एमबीची फाइल आली तर ते लिब्रेऑफिस नव्हे, कुणीतरी मधला माणूस बसलाय. क्रोमसारख्या काहींची फाइल मुळातच लहान असते, ती पुढचं नंतर ओढून घेते, म्हणून हा हिशोब मी सांगितलेल्या तिघांपुरताच धरा.

मग डबल क्लिक केलं की विंडोज विचारतं, परवानगी देऊ का. आपण ती खिडकी न वाचता येस करतो, अगदी सवयीनं. तिथं बनवणाऱ्याचं नाव असतं! व्हीएलसी असेल तर व्हिडिओलॅन, लिब्रेऑफिस असेल तर द डॉक्युमेंट फाउंडेशन. भलत्याच कंपनीचं नाव दिसलं तर नो करायचं. यात एक अडचण आहे, ती पण सांगते, सेव्हन-झिपच्या फाइलवर बनवणाऱ्याची अशी डिजिटल सही नसते, खरं असलं तरी पिवळी पट्टी येते आणि नाव अननोन दाखवतं. म्हणजे नुसत्या या खिडकीवर भागत नाही, परत फिरून आपण पत्त्यावरच येतो. पत्ता बरोबर होता ना, मग घाबरू नका. तसंच व्हीएलसी उतरताना मध्येच दुसऱ्या कुठल्या सर्व्हरचा पत्ता दिसला तर तेही चालतं, त्यांच्या फाइली जगभर मदतीला असलेल्या सर्व्हरवर ठेवलेल्या असतात, सुरुवात त्यांच्या पानावरनं झाली म्हणजे झालं.

मागच्या व्हिडिओखाली एका दादांनी लिहिलंय, "एवढं कोण बघत बसतंय, क्रॅक टाका आणि मोकळे व्हा." क्रॅक म्हणजे पैशाचं सॉफ्टवेअर पैसे न भरता चालवायची चोरवाट. दादा, तुमच्यावर राग नाही, पण क्रॅकच्या सोबत जी चिठ्ठी येते ती वाचलीय का तुम्ही? पहिली ओळ काय असते, अँटीव्हायरस बंद करा. म्हणजे चोर म्हणतोय आधी कुत्रं बांधा. ज्या कंप्युटरवर पोरांचे फॉर्म भरता, बँकेचं लॉगिन करता, त्याच्यावर हे? आणि ज्याच्यासाठी क्रॅक टाकता त्यातलं घरी वापरतो काय आपण, एक अर्ज, एक हिशोबाची शीट. ते लिब्रेऑफिसमध्ये आरामात होतं. फक्त दुसऱ्याला पाठवायची फाइल सेव्ह करताना प्रकार वर्डचा निवडा, नाहीतर ते ओडीटी या लिब्रेऑफिसच्या नेहमीच्या प्रकारात सेव्ह होतं आणि समोरचा म्हणतो, तुमची फाइल उघडतच नाही. जुन्या मराठी फाँटमधली फाइल असेल, युनिकोडच्या, म्हणजे सगळीकडं सारखी चालणारी अक्षरपद्धत येण्याच्या आधीची, तर तो फाँट कंप्युटरवर नसला की अक्षरं चित्रविचित्र दिसणारच, त्यात लिब्रेऑफिसचा दोष नाही, वर्डमध्येही तेच होतं.

आणि मराठी टायपिंग! याच्यावर तर रोज कमेंट. वहिनी लोकांनो, दादांनो, त्याच्यासाठी कुठलंच सॉफ्टवेअर शोधू नका. विंडोजमध्येच आहे. २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासनं मराठी फोनेटिक कीबोर्ड आत आलेला आहे. सेटिंग्ज, भाषा, मराठी घ्या, तिच्या ऑप्शन्समध्ये कीबोर्ड जोडा, मग विंडोजचं बटण आणि स्पेस दाबून भाषा बदला. फाँट हवा असेल तर मुक्ता घ्या, 'एक टाइप' नावाच्या फाँट बनवणाऱ्या मंडळींनी केलेला, गूगल फाँट्सवर फुकट आहे, दिसायला सुरेख. माझ्या थंबनेलवर असतो तो हाच. किती जणांनी मराठी टायपिंग म्हणून कुठल्या कुठल्या साइटवरनं काय काय उतरवलंय, आणि वस्तू घरातच होती.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, मग जुन्या कंप्युटरचं काय करायचं, हेही बरेच जण विचारताय. विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स मिंट टाकून बघतेय मी एका जुन्या मशिनवर, नीट वापरून झाल्याशिवाय बोलणार नाही.

परवाच मामांचा परत फोन आला. नातवाला चित्रं काढायला इंकस्केप हवं होतं. मी म्हटलं, मामा, आता मी येणार नाही, तुम्ही वाचा, मी ऐकते. चष्मा शोधेपर्यंत दोन मिनिटं गेली. मग वर्गात वाचून दाखवावं तसं, "आय, एन, के, एस, सी, ए, पी, ई. डॉट. ओ, आर, जी. पुढं काही नाही. बटण एकच आहे. दाबू?"

दाबा, म्हटलं.