अलेक्झांड्रा आणि सेत्सवेत्ला : जुक्सकेई नदीच्या काठावर

(दृश्य : महामार्गाच्या एका बाजूला काचेच्या इमारती, दुसरीकडे पत्र्यांची छपरं)

दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गमधलं सँडटन म्हणजे बँकांची मुख्यालयं, शेअर बाजार, बडे मॉल. महामार्ग ओलांडून पूर्वेला आलं, की लगेच अलेक्झांड्रा लागतं. इथली माणसं नुसतं ‘अ‍ॅलेक्स’ म्हणतात.

ही वस्ती १९१२ची. पुढच्याच वर्षीच्या जमीन कायद्यानं देशाच्या बहुतेक भागात कृष्णवर्णीयांना जमीन विकत घ्यायला बंदी झाली. अ‍ॅलेक्स आधीच वसलं होतं, म्हणून इथल्या काळ्या कुटुंबांकडे स्वतःच्या नावाची खरेदीखतं होती. हे खरेदीखतच पुढं सरकारच्या डोळ्यांत खुपत राहिलं.

१९४१मध्ये तरुण नेल्सन मंडेला इथं भाड्यानं राहिले. पत्र्याचं छप्पर, मातीची जमीन, वीज नाही, नळ नाही. बसचे पैसे वाचवायला ते कितीदा तरी शहरापर्यंत पायी जात.

१९५७मध्ये बसचं तिकीट चार पेन्सांवरून पाच पेन्स झालं आणि सगळं अ‍ॅलेक्स बसमधून उतरलं. ‘अझिक्वेल्वा!’ आम्ही चढणार नाही! गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बायका, कारखान्यांतले मजूर रोज जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर चालले. एका पेनीसाठी, असं कुणी म्हणेल. पण ज्याच्या पगारात महिना भागत नाही, त्याला त्या पेनीची किंमत विचारा. काही महिन्यांनी तिकीट पुन्हा चार पेन्सांवर आलं.

साठच्या दशकात सरकारनं घरं पाडायला घेतली. कुटुंबं सोवेटो या शहराबाहेरच्या काळ्यांच्या वस्तीत हलवायची आणि इथं एकट्या कामगारांची हॉस्टेलं बांधायची, असा बेत होता. तो १९७९मध्ये सोडून द्यावा लागला.

(दृश्य : सेत्सवेत्ला, नदीचा उतार)

अ‍ॅलेक्सच्या अंगणांत खोल्यांना खोल्या लागल्या. तिथंही ज्यांना जागा मिळाली नाही, त्यांनी जुक्सकेईच्या काठावर सेत्सवेत्ला उभं केलं. भिंतींना जुने पत्रे आणि फळ्या. वाऱ्यानं छप्पर उडू नये म्हणून वर दगड आणि टायर. बोळ इतके अरुंद, की आग लागली तर बंब आत शिरत नाही.

नोव्हेंबर २०१६मध्ये नदी चढली आणि काठावरच्या झोपड्या वाहून गेल्या. पाणी ओसरल्यावर लोकांनी त्याच जागी पुन्हा पत्रे ठोकले. याला हट्ट म्हणणं अन्याय आहे. सँडटनमधली घरकामं, बांधकामं, पहारेकऱ्यांच्या नोकऱ्या इथून जवळ पडतात. दूरच्या सरकारी घरात गेलं, तर रोजची मिळकत मिनीबस टॅक्सीच्या भाड्यात संपेल. या माणसांना घर हवंच आहे, पण कामाच्या हाकेवर.