कुठला गुडघा दुखतो, ते आधी सांगा

श्रोतेहो, नमस्कार.

माझं सोलापुरात मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. पूर्वी माझ्याकडे यायची ती कॉलेजातली मुलं. आता त्यांचे आईवडीलही येतात. त्यांना गाडी शिकायची नसते, जन्मभर चालवलेली असते. संधिवाताने सांधे धरलेले असतात, म्हणून त्यांना सल्ला हवा असतो. प्रश्न ठरलेला: "गुडघे गेलेत बघा आता. ऑटोमॅटिक घ्यावी म्हणतो, कुठली घेऊ?" मी आधी विचारतो, "कुठला गुडघा?" मग समोरचा माणूस जरा बुचकळ्यात पडतो.

पण सगळं त्यावरच ठरतं. आपल्या गाडीत क्लच दाबतो तो डावा पाय. संध्याकाळी सात रस्त्याहून नवी पेठेत जाऊन बघा. पुढे रिक्षा, मध्येच मोटारसायकल, त्यात सिग्नल. दर वीस पावलांना क्लच खाली, क्लच वर. डाव्या गुडघ्याची झीज झालेल्या माणसाला हे पाच मिनिटांत नको होतं. ऑटोमॅटिक गाडीत क्लचचं पेडलच नसतं. डावा पाय मोकळा, गिअर बदलणारा डावा हातही बराचसा मोकळा. एवढं काम ती चोख करते. पण ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही उजव्याच पायाकडे राहतात. दुखणं उजव्या गुडघ्यात, उजव्या घोट्यात किंवा खुब्यात असेल, तर नुसती ऑटोमॅटिक घेऊन फारसा फरक पडत नाही. पैसे मात्र जास्त जातात.

आता ऑटोमॅटिक म्हणजे तरी काय, ते थोडक्यात सांगतो. आपल्याकडच्या छोट्या गाड्यांमध्ये सर्वांत जास्त चालतो तो एएमटी. मारुती त्याला एजीएस म्हणते. २०१४ साली सेलेरिओमधून हा प्रकार भारतात आला आणि ऑटोमॅटिक मध्यमवर्गाच्या खिशात बसायला लागली. यात गिअरबॉक्स नेहमीचाच असतो, क्लचही असतो. फक्त तुमच्या पायाऐवजी यंत्र तो दाबतं. त्यामुळे साध्या गाडीपेक्षा साधारण पन्नास हजारांच्या आसपासच जास्त मोजावे लागतात आणि मायलेजही पडत नाही. गिअर बदलताना गाडी किंचित डुलते, त्याची सवय होते. दुसरे प्रकार म्हणजे सीव्हीटी, जसा होंडा अमेझमध्ये मिळतो, आणि टॉर्क कन्व्हर्टर. ते लोण्यासारखे चालतात, पण महाग असतात.

बहुतेक जण इथेच थांबतात. सपाट सोलापुरात एएमटी पुरते, हे माझंही मत आहे. पण संधिवाताच्या माणसाने आणखी एक गोष्ट बघायला हवी, आणि ती शोरूममधला मुलगा सहसा सांगत नाही. एएमटीच्या लिव्हरवर आर म्हणजे रिव्हर्स, एन म्हणजे न्यूट्रल आणि डी म्हणजे ड्राइव्ह असतात. पी, म्हणजे पार्किंगची खूण, नसते. सीव्हीटीत आणि टॉर्क कन्व्हर्टरमध्ये ती असते. लिव्हर पीवर टाकला की गिअरबॉक्स आतून अडकतो. एएमटीत मात्र प्रत्येक वेळी गाडी उभी केली की हँडब्रेक कचकचून ओढायचा आणि निघताना अंगठ्याने बटण दाबून सोडायचा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना याचं काही वाटणार नाही. पण आमवाताने, म्हणजे रुमॅटॉइड संधिवाताने, बोटांचे सांधे सुजलेत, अंगठ्याच्या मुळाशी कळ येते, अशा माणसाला दिवसातून दहा वेळा हँडब्रेक ओढणं ही शिक्षा आहे. सपाट जागेवरही हँडब्रेक चुकवता येत नाही, आणि अर्धवट ओढलेला हँडब्रेक उतारावर दगा देतो. म्हणून हात दुखणाऱ्यांना मी सांगतो, बजेट ताणता येत असेल तर पी असलेली गाडी घ्या. हँडब्रेक तिलाही ओढायचाच, पण सगळी भिस्त त्याच्यावर राहत नाही.

हाताचा विषय निघालाय तर तो पुरता करू. गाडी बघायला जाल तेव्हा इंजिनाकडे नंतर बघा, आधी दाराचं हँडल धरा. काही हँडलांत बोटं खालून घालून पट्टी वर उचलावी लागते, काहींत अख्खा पंजा घालून आपल्याकडे ओढता येतं. दुसरा प्रकार सुजलेल्या बोटांना कितीतरी सोपा. किल्ली पिरगाळणं हेही मनगटाचं काम आहे. बटण दाबून चालू होणारी, किल्ली खिशातच राहणारी गाडी मिळाली तर तेवढ्यासाठी वरचं मॉडेल घेतलं तरी चालेल. सनरूफपेक्षा हे बटण नक्की उपयोगी पडतं. काही गाड्यांत गिअरसाठी लिव्हरऐवजी फिरवायची कळ असते, जशी क्विडच्या एएमटीत किंवा एमजी कॉमेटमध्ये. ती कुणाला सोपी जाते, कुणाला चिमटीत धरून फिरवणंच जमत नाही. स्वतः फिरवून बघितल्याशिवाय कळत नाही. सीटबेल्टचं लाल बटण डाव्या अंगठ्याने दाबून बघा. खांदा आखडलेला असेल तर बेल्ट ओढायला हात मागे जातो का, तेही बघा. स्टिअरिंग आता बहुतेक सगळ्याच गाड्यांत इलेक्ट्रिक असल्यामुळे हलकं असतं. बारीक वाटलं तर वर जाड कव्हर चढवा, पकड सैल राहिली तरी चालतं. आपल्याकडे मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचं स्टिअरिंग हाताला चटके देतं, तेव्हाही कव्हर बरं.

आता सीट. मध्यंतरी एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे आल्या. मुलगा पुण्याला. आईचे गुडघे दुखतात म्हणून त्याने तिकडूनच ऑटोमॅटिक बुक करून दारात उभी केली. दिसायला देखणी, मायलेज चांगलं, सुरक्षेचे स्टारही चांगले. पण सीट खाली. बाई बसताना धपकन बसायच्या आणि उठताना दाराची चौकट धरून, दोन झटके देऊन उठायच्या. क्लच गेला, पण उठबस आली. गुडघ्याला आणि खुब्याला सर्वांत जास्त ताण पडतो तो खोल जागेवरून उठताना. त्यामुळे सीट साधारण तुमच्या मांडीच्या उंचीला यावी. पाठ टेकवत सरळ मागे सरकता यावं, आणि मग दोन्ही पाय एकदम आत घेता यावेत. वॅगन-आरसारख्या उंच बसकणीच्या गाड्या दिसायला डबा वाटतात म्हणून तरुण नाक मुरडतात. साठीनंतर त्या डब्याची किंमत कळते. टाटाच्या अल्ट्रोझ आणि पंचची दारं जवळजवळ काटकोनात उघडतात. उतरायला त्याने फार सोपं जातं, पण पेठेतल्या बोळात, शेजारी भिंत असताना, ते दार अर्धंच उघडणार आहे, हेही ध्यानात असू द्या. कॉमेट लहान खरी, पण तिला दोनच दारं, आणि म्हणून ती दारं लांब. पार्किंगला दोन्ही बाजूंनी जागा नसेल तर घोटाळा. सीट खाली वाटते म्हणून जाड गादी टाकून काम भागवू नका. ती सरकते, आणि बेल्टही नको तिथे बसतो. सीटची उंची वाढवायचा लिव्हर असतो, तो आहे का बघा.

मानेचं थोडक्यात. मान वळत नसेल तर रिव्हर्स घेणं अवघड. मागचे सेन्सर २०१९ पासून नव्या गाड्यांना सक्तीचे आहेत, पण ते नुसते पी-पी करतात. पडद्यावर मागचं दिसायला कॅमेरा हवा. तो नंतरही बसवून मिळतो.

हे सगळं बघायचं कधी? शोरूमवाले बोलावतात अकरा-बाराला. तोवर चहा-नाश्ता होऊन, चार पावलं चालून सांधे मोकळे झालेले असतात. झिजेच्या संधिवातात सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासात जातो, आमवातात तासभर आणि त्याहून जास्तही राहतो. तुम्ही गाडी चालवणार आहात ती ताठरलेल्या अंगानेही. म्हणून टेस्ट ड्राइव्हची गाडी सकाळी लवकर घरी मागवा. एकदा नको म्हणतील, दुसऱ्यांदा आणतील, गाडी विकायची आहे त्यांना. आणि ती सरळ रस्त्यावर पळवून परत देऊ नका, पळते सगळीच. स्वतःच्या गल्लीत रिव्हर्स घ्या. भाजीची पिशवी डिकीत ठेवा आणि काढा, कारण काही गाड्यांच्या डिकीची कड इतकी उंच असते की पिशवी छातीपर्यंत उचलावी लागते. जमलं तर तुळजापूरचा घाट चढून या. चढावर गाडी थांबली, की ब्रेकवरून पाय ॲक्सिलरेटरवर नेईपर्यंत एएमटी मागे सरकू शकते. घोटा आखडलेल्या माणसाचा पाय हळू उचलतो, त्यामुळे ती जास्तच सरकते. हिल होल्ड असलेली गाडी तेवढे दोन क्षण स्वतःहून धरून ठेवते. देवीला वर्षातून एकदाच जात असाल, तरी हे असू द्या.

इलेक्ट्रिक गाडीबद्दल हल्ली बरेच जण विचारतात. उजवा पाय दुखणाऱ्यांनी तिच्याकडे जरूर बघावं. टियागो इव्हीसारख्या गाडीत पाय उचलला की मोटरच गाडीचा वेग कमी करते आणि ते किती जोरात व्हावं हे आपण ठरवू शकतो. गावातल्या गर्दीत ब्रेकवर पाय न्यायचं काम बरंच कमी होतं. मात्र घरी चार्जिंगची सोय हवी आणि चार्जरची जाड वायर उचलून सॉकेटमध्ये दाबता यायला हवी. पैशांचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. इलेक्ट्रिकवर तो ५ टक्केच आहे.

गाडी आली, की पहिला आठवडा जपून. तीस वर्षं क्लच मारलेला डावा पाय ऐकत नाही. थांबायची वेळ आली की तो सवयीने खाली जातो, तिथे रुंद ब्रेक असतो, आणि गाडी जागेवर गचकन उभी राहते. मागचा मोटारसायकलवाला थेट डिकीवर. माझ्याकडे आलेल्यांना मी डावा पाय मागे ओढून सीटजवळ ठेवायला लावतो. उजव्या पायाची टाच ब्रेकच्या समोर टेकवायची आणि तिथूनच पंजा ॲक्सिलरेटरकडे वळवायचा. टाच वळत नसेल तर पाय पूर्ण उचला, पण मग सावकाश चालवा. घाईत ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला जाणं ही ऑटोमॅटिकमधली सर्वांत वाईट चूक आहे, कारण ही गाडी बंद पडत नाही, पुढे उसळते. म्हणून सरावाला सुट्टीच्या दिवशी अक्कलकोट रोड एमआयडीसीतला रिकामा रस्ता बरा. पुण्याला निघालात तर मोहोळला, टेंभुर्णीला उतरून पाय मोकळे करा. एकाच जागी बसून राहिलात तर पुण्यात उतरताना दोघांनी धरावं लागेल.

शेवटचं जरा कडक सांगतो. मोकळ्या जागेत उभ्या गाडीत, इंजिन चालू ठेवून, लिव्हर एनवर आणि हँडब्रेक ओढलेला असताना, उजव्या पायाने ब्रेक एकदम, असेल नसेल तेवढ्या जोराने दाबा. पाच-सहा वेळा दाबा. ऊसतोडीच्या दिवसांत मागे लाल दिवा नसलेली ट्रॉली अंधारातून अचानक समोर येते, तेव्हा एवढाच जोर लागतो. दाबताना कळ येऊन पाय आपोआप मागे येत असेल, तर तूर्त गाडी चालवू नका आणि हाडांच्या डॉक्टरांना हेच नेमकं सांगा. गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल तर चालवायला कधी लागायचं हेही त्यांनाच विचारा. उजव्या पायाला जास्त वाट बघावी लागते. वेदनेच्या काही गोळ्यांनी झोप येते. त्या घेऊन चाक हातात धरायचं नाही.

उजवा पाय कायमचाच साथ देत नसेल तरी दारं बंद होत नाहीत. ऑटोमॅटिक गाडीत डाव्या पायासाठी ॲक्सिलरेटर बसवता येतो, हाताने चालणारे ब्रेक-ॲक्सिलरेटरही बसवता येतात. पण असा बदल गॅरेजवाल्याच्या भरवशावर परस्पर करू नका. आरटीओची मंजुरी घ्या, आरसीवर नोंद करा आणि विमा कंपनीलाही कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी हात वर होतील. लायसन्सवर तशा गाडीची नोंद लागते, तीही आरटीओतच होते. आणि तिथे जाताच आहात तर लायसन्सची तारीखही बघा. पंचावन्नच्या पुढे ते पाच-पाच वर्षांसाठीच वाढवून मिळतं आणि त्याला डॉक्टरांचा दाखला लागतो. नमस्कार.