स्लीव्हमोर: छप्पर उडालेलं गाव

(डोंगराचा दक्षिण उतार. पायवाटेच्या कडेने दगडी भिंतींची लांब रांग. वाऱ्याचा आवाज.)

आयर्लंडच्या पश्चिमेला मेयो परगण्यात अ‍ॅकिल नावाचं बेट आहे. बेटावर पावणेसातशे मीटर उंचीचा स्लीव्हमोर, म्हणजे आयरिशमध्ये 'मोठा डोंगर'. त्याच्या पायथ्याशी जवळजवळ दीड किलोमीटर चालत राहा, वाटेत 80 ते 100 घरं लागतात. एकावरही छप्पर नाही.

हे स्लीव्हमोर म्हणजे एक टाउनलँड. आपल्या सातबाऱ्यावर 'मौजे' लिहिलेलं असतं ना, साधारण तसंच: जमिनीचं सगळ्यात लहान, नाव असलेलं एकक. आयर्लंडमध्ये अशी 60 हजारांहून जास्त एककं आहेत. काहींत वस्ती आहे, काहींत नुसता डोंगर. माणसं कमी झाली तरी नाव टिकतं.

1824 मध्ये ब्रिटिश सरकारने साऱ्या आयर्लंडची मोजणी हाती घेतली. कर बसवायचा होता, आणि त्यासाठी प्रत्येक टाउनलँडची हद्द पक्की करायची होती. या मोजणीसाठी लोखंड आणि पितळ जोडून खास मापदंड बनवले होते, उन्हाने लांबी बदलू नये म्हणून. जॉर्ज एव्हरेस्ट यांनी ते काम आयर्लंडमध्ये जाऊन पाहिलं आणि तसेच मापदंड भारताच्या मोजणीसाठी आणले. 1838 च्या नकाशात स्लीव्हमोरला 137 घरं दाखवली आहेत. एका घरात किती माणसं, ते नकाशा सांगत नाही.

(एका घराच्या आत. भिंतीतला दगड जवळून.)

आत या. एकच खोली. चुन्याशिवाय, दगडावर दगड बसवून रचलेल्या भिंती. एका टोकाला माणसं, दुसऱ्या टोकाला गाई, आणि शेण-मूत वाहून जायला जमिनीत नाली. गाई बांधायच्या खुणा काही भिंतींत अजून सापडतात. हिवाळ्यात त्या जनावरांची ऊब माणसांनाही मिळायची.

बाहेर उतारावर सगळीकडे वरंबे दिसतात. आपल्याकडच्या सरी-वरंब्यासारखेच, फक्त जास्त रुंद आणि फावड्याने घातलेले. त्यावर बटाटा. खत म्हणून समुद्रातलं शेवाळ पाठीवरून वाहून आणायचे. जमीन वाटून घ्यायची पद्धतही ऐकण्यासारखी आहे. चांगली, मध्यम, वाईट अशा प्रत्येक पट्टीचा तुकडा प्रत्येक घराला मिळायचा, आणि काही वर्षांनी वाटणी पुन्हा व्हायची. कुणाच्या वाट्याला नुसता खडक येऊ नये, एवढं तरी ही माणसं बघत होती. मला या गावाचं हे फार मोठं वाटतं.

मग 1845 आला. बटाट्यावर करपा पडला आणि पीक जमिनीतच सडलं. पुढच्या काही वर्षांत आयर्लंडमध्ये दहा लाखांच्या आसपास माणसं उपासमारीने आणि तापाने गेली, तितकीच देश सोडून गेली. मेयो परगण्यात 1841 मध्ये 3,88,887 लोक होते; दहा वर्षांनी पावणेतीन लाखांच्या आसपास उरले. आज, 2022 च्या गणनेत, सुमारे 1 लाख 38 हजार.

स्लीव्हमोर मात्र एका वर्षात रिकामं झालं नाही. जवळच डूगर्ट इथे एडवर्ड नँगल यांचं प्रॉटेस्टंट मिशन 1830 च्या दशकात उभं राहिलं होतं. दुष्काळानंतर बेटाची बरीच जमीन त्या मिशनच्या मालकीची झाली. काही कुळं जमिनीवरून निघाली, काही मासेमारीसाठी डूआख या किनाऱ्यावरच्या गावात उतरली.

पण डोंगराशी नातं तुटलं नाही. उन्हाळ्यात डूआखची माणसं गुरं घेऊन याच जुन्या घरांत राहायला यायची. बहुतेक तरुण पोरीच; दूध काढायच्या, लोणी करायच्या. 1940 च्या दशकापर्यंत हे चाललं. म्हणजे ही घरं शेवटची कधी पेटत्या चुलीने उबली, ते आठवणारी माणसं परवापर्यंत होती.

(उत्खननाचा चौकोन. ब्रशने माती झाडली जाते आहे.)

1991 पासून इथे पुरातत्त्वाचे विद्यार्थी खोदकाम करत आले आहेत. मातीत चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे सापडतात, रंगीत नक्षीचे. बाहेरून विकत आणलेली भांडी ती. या बेटावरची माणसं दरवर्षी स्कॉटलंडला बटाटे काढायच्या मजुरीला जात. तिथून येताना कुणी तरी एखादी बशी घरी आणली असेल.

घरात कोण राहत होतं, हे 1841 आणि 1851 च्या गणनेत घरोघर लिहिलं होतं. ते कागद 30 जून 1922 ला, यादवी युद्धात, डब्लिनच्या सरकारी दफ्तरखान्याला आग लागली तेव्हा बहुतेक सगळे जळले. पुढच्या चार गणनांचे घरोघरचे कागद सरकारनेच नष्ट केले होते. देशभराची पूर्ण नावनिशी मिळते ती 1901 ची, आणि तोवर इथे कायमची राहणारी घरं जवळपास उरली नव्हती.

उरले ते वरंबे. प्रत्येक वरंबा कुणीतरी फावड्याने हाताने घातलेला. ते मोजता येतात.