व्हीएमला रँडम कुठून मिळतं?

मघाशी एकानं विचारलं, की रँडम आकडे तर सॉफ्टवेअरही देतं, मग हार्डवेअरचा एवढा घोळ कशाला? तिथूनच सुरुवात करू. सॉफ्टवेअर रँडमपणा निर्माण करत नाही, असलेला वाढवतं. कुणालाही ओळखता न येणारे 256 बिट एकदा मिळाले, की लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, त्यातून हवे तेवढे आकडे काढून देतो. विरजणासारखं आहे हे: चमचाभर पुरतं, पण ते खरं असावं लागतं.

प्रत्यक्ष मशीनला हे विरजण कीबोर्ड, माउस, डिस्क, नेटवर्क कार्ड यांच्याकडून मिळतं. इंटरप्ट, म्हणजे उपकरणानं प्रोसेसरला दिलेली हाक, नेमक्या कुठल्या क्षणी आला, यातला बारीक बेभरवसा कर्नल गोळा करत राहतो. आता व्हीएम, म्हणजे खऱ्या मशीनच्या आत सॉफ्टवेअरनं उभं केलेलं व्हर्च्युअल मशीन बघा. खऱ्या मशीनला म्हणायचं होस्ट, आतल्या व्हीएमला गेस्ट. कीबोर्डला कुणी हात लावत नाही, डिस्क म्हणजे होस्टवरची एक फाइल. त्यात ती उठते तयार इमेजमधून, म्हणजे आधीच सगळं बसवून ठेवलेल्या डिस्कच्या प्रतीतून, आणि त्याच इमेजमधून त्याच मिनिटाला तिच्या आणखी पन्नास बहिणी उठलेल्या असतात. पहिल्याच बूटला ती काय करते? एसएसएचची होस्ट की बनवते, म्हणजे दुरून लॉगिन करणाऱ्याला स्वतःची ओळख पटवायची गुप्त किल्ली! गाठीशी काहीच नसताना वर्षानुवर्षं वापरायची की.

याचं पुढे काय होतं, ते 2012 मध्ये संशोधक नादिया हेनिंगर आणि सहकाऱ्यांनी सगळं इंटरनेट स्कॅन करून दाखवलं. आरएसए या पद्धतीची सार्वजनिक की दोन मूळ संख्यांच्या गुणाकारातून बनते. दोन मशीनना सुरुवातीला सारखंच रँडम मिळालं, तर त्यांच्या कींमध्ये एक मूळ संख्या सामाईक येऊ शकते. मग दोन्ही सार्वजनिक कींचा मसावि काढायचा. हो, शाळेतला मसावि! की फुटते. टीएलएस (वेबवरची सुरक्षित जोडणी) वापरणाऱ्या मशीनपैकी 0.50 टक्क्यांच्या खाजगी की त्यांना अशा मिळाल्या. त्यात बहुतेक राउटर, फायरवॉल अशी बिनस्क्रीनची यंत्रं होती, पण दुखणं व्हीएमचंच.

लिनक्सवर व्हीएम चालवणाऱ्या केव्हीएममध्ये यावरचा उपाय म्हणजे व्हर्टआयओ-आरएनजी. होस्टकडे खरं हार्डवेअर आहे, त्यानं गेस्टला एक खोटं रँडम उपकरण दाखवायचं आणि त्यातून आपल्याकडचे बाइट पुरवायचे. गेस्टमध्ये ते एचडब्ल्यूआरएनजी नावानं दिसतं. पूर्वी तिथून बाइट उचलून कर्नलला द्यायला आरएनजीडी नावाचा वेगळा प्रोग्रॅम चालवावा लागे, कर्नल 3.17 पासून कर्नल स्वतःच ते काम करतो. व्हीएम सांभाळणाऱ्या लिबव्हर्टच्या एक्सएमएल फाइलमध्ये दोन-तीन ओळी वाढवायच्या, एवढंच. लिनक्समध्ये रँडम बाइट घ्यायच्या दोन जागा: डेव्ह-रँडम, जो पूर्वी साठा संपला की थांबायचा, आणि न थांबणारा यूरँडम. होस्टकडून यातला कुठला द्यावा, यावर लोक तावातावानं भांडले आहेत. जुन्या कर्नलवर डेव्ह-रँडम दिला, की एक खादाड गेस्ट होस्टचा साठा रिकामा करायचा आणि बाकीचे ताटकळत बसायचे. बाइटची मर्यादा घालायची सोय त्यासाठीच. मी सरळ यूरँडम देतो. 2020 च्या 5.6 कर्नलनंतर, एकदा सीड, म्हणजे सुरुवातीचं विरजण, मिळालं की डेव्ह-रँडमही अडत नाही, त्यामुळे त्या भांडणात आता दम नाही. कर्नलकडे किती रँडमपणा शिल्लक आहे हे सांगणारा ‘एन्ट्रॉपी अव्हेलेबल’चा आकडा दर मिनिटाला बघून धास्तावणं हेही त्याच काळातलं.

प्रोसेसरमधली रँडम आकडा देणारी आरडीरँड सूचना गेस्टला थेट वापरता येते, मग हे सगळं कशाला? इंटेलच्या आयव्ही ब्रिजपासून, म्हणजे 2012 पासून ती आहे. पण 2019 मध्ये एएमडीच्या रायझन 3000 चिप आल्या, तेव्हा त्यांच्या सुरुवातीच्या फर्मवेअरमध्ये (चिपमध्येच बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) ही सूचना ‘काम झालं’ असं सांगून दर वेळी सगळे बिट 1 असलेला तोच आकडा परत करत होती. काही लिनक्स मशीन बूटच होईनात. म्हणून कर्नल एकाच स्रोतावर विसंबत नाही, सगळे एकत्र घुसळतो.

खरी गंमत स्नॅपशॉटमध्ये, म्हणजे चालू व्हीएमच्या जशाच्या तशा प्रतीत आहे. चालू व्हीएमची मेमरी गोठवली आणि दोनदा जागी केली, तर कर्नलचा पूलही, म्हणजे त्यानं गोळा केलेला रँडमपणाचा साठाही, दोन्हीकडे तोच. पुढचे ‘रँडम’ आकडे सारखे! रिस्टेनपार्ट आणि यिलेक या संशोधकांनी 2010 मध्ये यावर हल्ले करून दाखवले. व्हर्टआयओ-आरएनजी इथे एकटा पुरत नाही, कारण आपली प्रत निघाली आहे हेच गेस्टला ठाऊक नसतं. ते सांगायला मायक्रोसॉफ्टनं व्हीएम जनरेशन आयडी आणला: 128 बिटांचा ओळखक्रमांक, प्रत निघाली की हायपरव्हायजर, म्हणजे होस्टवरचं व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर, तो बदलतो. लिनक्समध्ये त्याचा ड्रायव्हर 2022 मध्ये 5.18 सोबत आला. आयडी बदलला की कर्नल पूल लगेच नव्यानं सीड करतो.

मात्र ही खबर कर्नलपर्यंतच पोचते. एखाद्या प्रोग्रॅमनं स्वतःच्या मेमरीत वेगळा जनरेटर ठेवला असेल, तर तो जुन्याच सीडवर चालत राहतो. अशा प्रोग्रॅमसह स्नॅपशॉट घ्यायची वेळ आली, तर जागं केल्यावर आधी तो रीस्टार्ट करा, मगच ट्रॅफिक सोडा. आणि व्हीएम काढायची मूळ इमेज, म्हणजे टेम्प्लेट, बनवताना होस्ट की, मशीनचा ओळखक्रमांक असलेला मशीन-आयडी आणि सिस्टमडी (लिनक्स सुरू करणारा प्रोग्रॅम) याची रँडम-सीड फाइल पुसायला विसरू नका.