पिंजऱ्याखालचा जिना

(दगडी जिना. वर चढणाऱ्या पावलांचा आवाज.)

खाली कोठड्या, वर आरोपीचा पिंजरा. मधे हा अरुंद जिना. शेवटच्या पायरीवरून डोकं वर निघालं, की समोर न्यायाधीशाची उंच खुर्ची.

इंग्लंडच्या डॉर्चेस्टर शहरातला हा शायर हॉल. १७९७ पासून १९५५ पर्यंत इथं कोर्ट भरायचं. २०१८ पासून इथं संग्रहालय आहे. पर्यटक आता हौसेनं पिंजऱ्यात उभे राहतात.

मार्च १८३४ मध्ये इथं सहा शेतमजूर उभे होते, जवळच्या टॉलपडल गावचे. जॉर्ज लव्हलेस, त्याचा भाऊ जेम्स, मेव्हणा टॉमस स्टँडफिल्ड, भाचा जॉन, शिवाय जेम्स हॅमेट आणि जेम्स ब्राइन. आठवड्याची मजुरी नऊ शिलिंग होती. मालकांनी ती आठवर आणली, मग सातवर. पुढं सहाच मिळतील, असंही सांगून टाकलं. मजुरांनी संघटना काढली.

आता संघटना काढणं हा काही गुन्हा नव्हता; ती बंदी १८२४ मध्येच उठली होती. मग यांना अडकवायचं कशात?

(सांगाड्याचं चित्र.)

नवा सभासद आला की त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधत, शपथ देत आणि पट्टी सोडून असं सांगाड्याचं चित्र दाखवत. नौदलातल्या बंडानंतर गुप्त शपथांविरुद्ध एक कायदा झाला होता. तो बाहेर काढला. सालही १७९७ च. इमारत आणि कायदा एका वयाचे!

(ज्युरीचे रिकामे बाक.)

इथं बसायला मिळकत लागायची. मजुराला जागा पिंजऱ्यातच.

शिक्षा झाली सात वर्षं काळ्या पाण्याची. आपल्याला त्या शब्दाबरोबर अंदमान आठवतं; यांच्या नशिबी ऑस्ट्रेलिया आला. लंडनमध्ये प्रचंड मोर्चा निघाला, अर्जांवर सह्या झाल्या आणि १८३६ मध्ये सरकारनं माफी दिली. माफी, बरं का! परतल्यावर पाच जण पुढं कॅनडाला गेले. हॅमेट तेवढा गावी राहिला. १८९१ मध्ये डॉर्चेस्टरच्या निराधारांसाठीच्या कामगृहात वारला.

(पुन्हा जिना. पावलं आता खाली उतरतात.)

शिक्षा ऐकल्यावर जॉर्जनं पेन्सिलीनं कागदाच्या चिटोऱ्यावर चार ओळी खरडल्या: आम्ही मुक्त होणार, होणारच. नेत असताना त्यानं तो कागद लोकांकडे फेकला. पहारेकऱ्यांनी तो झडप घालून पकडला आणि तडक न्यायाधीशापुढं नेऊन ठेवला.