झाकणावरची बारीक रेघ: स्ट्रिंग इनलेची खाच हाताने कशी कोरायची

नमस्कार मंडळी! आज फक्त खाचेबद्दल बोलायचंय. स्ट्रिंग इनले म्हणजे गडद लाकडात फिकट लाकडाची बारीक पट्टी बसवायची, डब्याचं झाकण असो, ट्रे असो, आरशाची फ्रेम असो, कडेने अशी एक रेघ फिरली की वस्तूचं रूपच पालटतं. १८व्या शतकाच्या शेवटी इंग्लंड-अमेरिकेत टेबलांच्या पायांवर, ड्रॉवरच्या कडेने या रेघा खूप चालायच्या. पण बहुतेक व्हिडिओंमध्ये पट्टी चिकटवताना दाखवतात आणि खाच मात्र भराभर पुढे ढकलतात, आणि माझं ठाम मत आहे की खरं काम खाचेतच आहे, ती नीट उतरली तर पट्टी चुटकीसरशी बसते.

आधी पट्टी तयार करा, मग खाच. हा क्रम उलटा करू नका. साधारण ०.८ ते १ मिमी जाडीची पट्टी घ्या, फिकट हवी तर हॉली किंवा मेपल, काळी हवी तर आबनूस, आणि खाच कोरायच्या कटरचा दात त्या पट्टीला जुळवून घासा.

आता कटर. हे बघा, जवळ आणते. हॅकसॉ ब्लेडचा तुकडा आहे, बाकी काही नाही. कडेला कानशीने घासून एवढासा दात ठेवलाय, रुंदी पट्टीएवढी, आणि नीट पाहिलंत तर दात टोकाला रुंद आणि मुळाकडे किंचित निमुळता आहे, तसा नसेल तर तो खाचेत अडकतो आणि भिंती खरवडत जातो. टोकाची धार काटकोनातच ठेवायची, पटाशीसारखी तिरपी नाही, कारण हा दात लाकूड खरवडतो, आणि काटकोन असला की पुढे-मागे दोन्हीकडे चालतो. हा तुकडा एल आकाराच्या लाकडी हँडलमध्ये स्क्रूने आवळायचा, दात दीड मिमी बाहेर, खाचेची खोली तेवढीच होते. यालाच स्क्रॅच स्टॉक म्हणतात.

चालवताना पहिले चार-पाच हात अगदी हलके, लाकडावर नुसती खूण उमटेल इतकेच. घाई इथेच नडते, कारण जोर दिला की दात लाकडाच्या रेषांच्या मागे जातो आणि रेघ वाकडी होते, आणि एकदा वाकडी झालेली खाच सरळ करायची म्हणजे ती रुंदच होणार. स्टॉक कडेला घट्ट दाबून धरा, लांबच्या टोकापासून छोटे छोटे हात मारत आपल्याकडे या, आणि हँडल ज्या दिशेला जातंय तिकडे थोडं झुकवा म्हणजे दात मागून ओढला जातो, लाकडात रुतत नाही. रेषा दाताला आत खेचत असतील तर दिशा बदलून बघा. बारीक भुसा निघाला तर ठीक चाललंय, पण चिरफळ्या निघायला लागल्या की लगेच थांबून दाताला धार करा.

लाकडाच्या रेषांना आडवी जाणारी खाच असेल तिथे मात्र नुसता दात चालवायचा नाही! दोन्ही काठांचे तंतू उचकटतात. तिथे आधी धारदार सुरीने खाचेच्या दोन्ही कडा कापून घ्यायच्या, पट्टीच्या रुंदीएवढ्या अंतरावर दोन समांतर रेघा, आणि मग मधलं लाकूड खरवडून काढायचं. मी अशा आडव्या खाचा आधी करते आणि रेषांच्या दिशेने जाणाऱ्या उभ्या नंतर. कोपऱ्यावर दात खुणेपुढे जाऊ नये म्हणून तिथे सुरीने आडवा काप देऊन ठेवा, शेवटचे दोन-तीन मिमी बारीक पटाशीने साफ करा.

राउटरने, म्हणजे खाच कोरायच्या विजेच्या यंत्राने, होत नाही का? होतं, त्याची ०.८ मिमीची पाती म्हणजे बिट मिळतात, पण ते पटकन तुटतात, थोडं थोडं खोल जावं लागतं आणि कोपरे गोल राहतात, ते शेवटी हातानेच काढायचे. गोल रेघांसाठी कंपाससारखा कटर असतो, मध्ये टोक रोवायचं आणि दात फिरवायचा, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या चेस्टर काउंटीत १८व्या शतकाच्या सुरुवातीला वेलीसारख्या रेघा आणि टोकाला छोटी गोल फळं अशीच कोरायचे, मला ते काम फार आवडतं.

मूळ वस्तूला हात लावण्याआधी त्याच लाकडाच्या उरलेल्या तुकड्यावर एक खाच काढून पट्टी बसवून बघा. बोटाने दाबून आत गेली पाहिजे. हातोडी मारावी लागत असेल तर घट्ट आहे, गोंदाच्या पाण्याने फुगली की अर्ध्यातच अडकेल, आणि सैल असेल तर कडेला गोंदाची काळपट रेघ दिसते. गोंद किंवा सरस खाचेतच लावा, थोडाच, आणि पट्टी अर्धा मिमी वर राहू द्या.

नंतर घिसाई लगेच करू नका, पूर्ण वाळू द्या, कारण ओली पट्टी फुगलेली असते, तेव्हाच सपाट केली तर वाळल्यावर आत बसते आणि बोटाला खड्डा लागतो. सँडपेपरऐवजी स्क्रेपर, म्हणजे लाकूड खरवडायची पातळ पोलादी पट्टी, घ्या. गडद लाकडाची धूळ फिकट पट्टीत शिरली की ती मळकट दिसते, म्हणून शेवटची घिसाई करायची असेल तर त्याआधी लाखेच्या पॉलिशचा एक हात देऊन घ्या.