गवताचा बांध

(दृश्य : मंगळवेढ्याचं काळं रान. सप्टेंबर. नजर जाईल तिथवर एकही पीक उभं नाही. आभाळ भरून आलेलं.)

जूनपासून पाऊस चालू आहे, तरी ही रानं पेरलेली नाहीत. नवख्याला वाटेल, पडीक आहेत. पण सोलापूर जिल्ह्याच्या या भागात खरं पीक रब्बीचं. खरिपात रान मोकळं ठेवायचं, तण दिसलं की कुळवाची, म्हणजे माती वरवर खरवडणाऱ्या अवजाराची, पाळी घालायची, पडेल ते पाणी जमिनीत मुरवायचं आणि उत्तरा-हस्ताच्या सुमाराला त्या ओलीवर ज्वारी पेरायची. पुढे पाऊस आला तर आला. मालदांडी या ज्वारीच्या वाणाचं कणीस भरतं ते काळ्या मातीनं धरून ठेवलेल्या पाण्यावर.

या पद्धतीत मेख एकच. इथला वर्षातला सर्वांत मोठा पाऊस बहुतेक वेळा सप्टेंबरातच पडतो. आभाळ फाटतं तेव्हा रान उघडं असतं, वर कुळवून भुसभुशीत केलेलं. थेंबाचा मार झेलायला एक पान नाही.

(दृश्य : मुसळधार पाऊस. कॅमेरा जमिनीलगत. ढेकळं विरघळताना.)

नीट बघा. थेंब ढेकळावर आपटतो, ढेकूळ फुटतं. सुटलेली बारीक माती जमिनीची छिद्रं बुजवते आणि पाणी मुरायचं थांबतं. मग ते निघतं उताराकडे. उतार म्हणाल तर डोळ्याला जाणवतही नाही, शंभर मीटरला एक-दोन मीटर. पण तेवढा पुरतो. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला, तर जमीन खरवडायची त्याची ताकद चौपट होते आणि माती वाहून न्यायची ताकद बत्तीसपट. मृदसंधारणाच्या पुस्तकांतला हा हिशोब पहिल्यांदा वाचला की बत्तीस आकड्यावर विश्वास बसत नाही.

एका हेक्टरावरून एक मिलिमीटर थर गेला, तर किती माती गेली? दहा घनमीटर. वजनात साधारण तेरा टन, म्हणजे तीन टनी ट्रॉली धरली तर चार ट्रॉल्या भरून. एवढी माती कोणी दिवसाढवळ्या उचलून नेली असती तर गाव गोळा झालं असतं. पावसानं नेली की दुसऱ्या दिवशी रान होतं तसंच दिसतं.

(दृश्य : जुना मातीचा बांध. मधोमध फुटलेला. खाली घळ.)

माती राखायचे प्रयत्न इथे जुनेच. सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन १९३३ साली सुरू झालं. १९४२ साली मुंबई प्रांतात जमीन सुधारणा योजनांचा कायदा आला आणि पुढे समपातळी बांधांची, म्हणजे एकाच उंचीच्या रेषेवर घातलेल्या बांधांची, कामं निघाली. १९७२च्या दुष्काळात तर बांधबंदिस्तीच्या कामावर गावंच्या गावं राबली.

हलक्या, मुरमाड रानात ते बांध कामी आले. काळ्या रानाचं गणित वेगळं. ही माती उन्हाळ्यात भेगाळते, हात कोपरापर्यंत जाईल अशी. बांधही तिचाच, त्यामुळे त्यालाही भेगा. पावसात ती फुगते आणि पाणी लवकर पिईनाशी होते. मग बांधाच्या वरच्या अंगाला पाणी तुंबतं, पीक असेल तर पिवळं पडतं, आणि एखाद्या रात्री पाणी भेगेत घुसून बांध घेऊनच जातं. म्हणून भारी जमिनीत समपातळी बांधाऐवजी ढाळीचे, म्हणजे पाणी हळूहळू कडेला निघून जाईल असा थोडा उतार दिलेले, बांध घालायची शिफारस आहे. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा आपल्या तोंडात बसली आहे. इथे मात्र पाण्याला वाट द्यावीच लागते. फक्त ते रमतगमत गेलं पाहिजे.

(दृश्य : शेताच्या कडेनं खसाची दाट ओळ. वरच्या अंगाला साचलेला गाळ.)

ते काम गवत करतं. हा वाळा, म्हणजेच खस. उन्हाळ्यात माठात टाकतो तोच. एक जुडी उकरून बघितली, तर मुळं आडवी पसरण्यापेक्षा सरळ खाली गेलेली दिसतात, चांगल्या जमिनीत तीन मीटरपर्यंत. वर देठ एकमेकांना इतके खेटून उभे की मध्ये बोट घालायला कष्ट पडतात. गढूळ पाणी येऊन थबकतं, ओळभर पसरतं आणि कंगव्यातून केस निघावेत तसं बारीक धारांनी पलीकडे जातं. वेग मोडला की रेती आणि जाड माती तिथेच बसते. अगदी बारीक चिकणमाती आणि पाण्यात विरघळलेलं खत मात्र अरुंद ओळीला दाद देत नाही, तेही सांगितलं पाहिजे. गाळ चढेल तसं गवतही वर सरकतं, नव्या पेरांना मुळं फुटतात. काही वर्षांत ओळीच्या वर आपोआप पायरी तयार होते.

ही कल्पना सरकारी कचेरीत जन्मली नाही. कर्नाटकात गुंडलुपेटकडचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या शेताच्या हद्दीवर खस राखत आले. मृदसंधारणाचे जाणकार जॉन ग्रीनफील्ड यांनी १९५०च्या दशकात फिजीत उसाच्या उतारांवर तो लावला होता. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या कामासाठी ते भारतात आले आणि खसाचा प्रसार झाला. आपल्याकडे अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं काळ्या जमिनीवर त्याचे प्रयोग केले.

(दृश्य : लावणी. दोन-तीन फुटव्यांची ठोंबं, वीतभर कापलेली पानं.)

लावणी सोपी आहे, पण घाईची नाही. जमीन चांगली ओली झाल्यावर दोन-तीन फुटव्यांचं ठोंब वीतभरापेक्षा कमी अंतरानं लावायचं. शंभर मीटरला साडेसहाशे-सातशे ठोंबं लागतात. दोन टक्के उताराच्या रानात अशी ओळ पन्नास मीटरवर एक. ओळ दाट व्हायला दोन-तीन पावसाळे जातात आणि खरी कसोटी तेव्हाच असते. मेलेल्या ठोंबाची जागा त्याच हंगामात भरली नाही, तर सगळं पाणी त्या फटीकडे धावतं आणि गवत नसताना पडली नसती अशी घळ पडते. जून झालेलं खसाचं पान जनावर सहसा खात नाही. ज्वारी निघाल्यावर मोकाट गुरं फिरतात, त्यात हे गवत टिकतं ते त्यामुळेच. मुळांना भाव मिळतो म्हणून ती खणून विकायचा मोह होईल. त्या दिवशी बांध संपला.

चारा हवा असेल तर मारवेल गवत लावावं, जनावरं आवडीनं खातात. पण मग राखणही करावी लागते. बांधावर गिरिपुष्पाचं झाड लावायलाही सांगतात, पण त्याला ज्वारीवाल्यांचा आक्षेप ठरलेला : सावली पडते, पाखरं बसतात. वर्षातून दोन-तीनदा छाटून पाला रानात टाकला तर सावलीची तक्रार उरत नाही. पाखरांची उरते.

(दृश्य : दोन शेतांमधला बांध. ट्रॅक्टरच्या फाळाची ताजी खूण अगदी कडेला.)

आता खरी अडचण. बांध उरलाय कुठे? ज्यावरून एकेकाळी बैलगाडी जायची, त्यावर आज माणूस तोल सांभाळत चालतो. दर नांगरटीला या बाजूनं नांगराची एक रेघ, त्या बाजूनं एक रेघ कोरत कोरत दोघांनी तो खाल्लाय, आणि दोघांचंही म्हणणं, समोरच्यानं खाल्ला. खसाचं जुनं ठोंब फाळाला सहजी दाद देत नाही, त्यामुळे हद्दीची खूण म्हणूनही ते बरं. पण सामाईक बांधावर शेजाऱ्याला विचारल्याशिवाय काही लावू नये. तो तयार नसेल तर ओळ आपल्याच रानात दोन फूट आत धरावी. तेवढी जागा जाते, पण मोजणी मागवायला लागत नाही.